तळ्यावरचे जुने विष

आमच्या गावच्या तळ्याला पूर्वेकडे उतरता काठ होता आणि गावची जनावरे तिथेच पाण्यावर जात. पश्चिमेला दगडी बांध आणि त्याच्या टोकाला मारुतीचे देऊळ. १९६६ सालच्या मे महिन्यात, वळवाचा एक थेंबही पडलेला नसताना, माझ्या काकांच्या दोन म्हशी एकाच दिवशी मेल्या. सकाळी तळ्यावर पाणी पिऊन आल्या. दुपारी रवंथ थांबले, पाय लटपटू लागले आणि दिवेलागणीच्या आत दोन्ही आडव्या झाल्या. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. म्हशींपेक्षाही मला आठवते ते त्या दिवशीचे तळे. कुणी हिरव्या तैलरंगाचे डबे ओतावेत तसा काठाला जाड तवंग आलेला होता आणि त्याला कुजकट वास येत होता.

त्या तवंगाकडे कुणी पाहिले नाही. सगळ्यांनी पाहिले ते शेजारच्या अण्णांकडे. अण्णांचे घर कानडी. काकांचा आणि त्यांचा शेताच्या बांधावरून दोन वर्षे तंटा चाललेला. विष घातले असे तोंडावर कुणी म्हणाले नाही, पण म्हणायचे राहिलेही नाही. अण्णांनी देवळाच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली. काकांनी ती मानली नाही. दोन्ही घरांमधला दही-विरजणाचा, सणावारीच्या ताटांचा व्यवहार त्या दिवशी थांबला तो कायमचा. आपल्या भागात अशा तंट्याला भाषेचा रंग चढायला किती वेळ लागतो, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकलो, शिकवले, आणि १९८३ साली एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात ‘नेचर’ या विलायती नियतकालिकाचे जुने खंड चाळताना मे १८७८ च्या अंकातील एका पत्राशी थबकलो. ॲडिलेडच्या जॉर्ज फ्रान्सिस यांचे ते पत्र. दक्षिण ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या मुखाशी अलेक्झांड्रिना नावाचे मोठे सरोवर आहे. त्या वर्षी नदीचा ओघ मंदावलेला, पाणी उबदार आणि संथ. पाण्यावर हिरव्या तैलरंगासारखा, दोन ते सहा इंच जाडीचा तवंग जमला होता आणि वारा तो एका काठाला लोटत होता. त्या काठावर पाणी प्यायलेली जनावरे मरत होती. फ्रान्सिस यांनी वेळाही नोंदवल्या होत्या : मेंढी एक ते आठ तासांत, घोडा आठ ते चोवीस तासांत, कुत्रे चार-पाच तासांत, डुक्कर तीन-चार तासांत. एका मेंढीला तवंग पाजून त्यांनी खात्रीही करून घेतली. तवंग ज्या जीवाचा होता त्याचे नाव नोड्युलॅरिया स्प्युमिजेना. निळ्या-हिरव्या शैवालाने जनावरे मरतात याची शास्त्रीय वाङ्मयातली पहिली ठळक नोंद म्हणून हे पत्र ओळखले जाते.

ग्रंथालयाच्या त्या बाकावर बसून मी दोनदा ते पत्र वाचले. तैलरंगाची उपमा माझीच कुणीतरी उचलली आहे असे वाटले.

आता या जीवाविषयी. आपण त्याला शेवाळ म्हणतो, आपले कानडी शेजारी पाची म्हणतात आणि शाळेच्या पुस्तकात ते नील-हरित शैवाल असते. तिन्ही शब्द व्यवहाराला पुरतात, पण शास्त्राच्या दृष्टीने हे शैवालच नव्हे. विहिरीतल्या हिरव्या धाग्यांच्या शेवाळाच्या पेशीत केंद्रक असते. याच्या पेशीत नसते. हा जीवाणू आहे, म्हणून आता त्याला सायनोबॅक्टेरिया म्हणतात. रॉजर स्टॅनियर आणि व्हान नील यांनी १९६२ साली जीवाणू म्हणजे काय याची जी स्पष्ट मांडणी केली, तेव्हापासून त्याची बदली वनस्पतीच्या खात्यातून जीवाणूंच्या खात्यात झाली. वनस्पतिशास्त्राच्या मास्तरांनी मात्र त्याला सोडले नाही. मीही त्यांतलाच.

याचे वय मोजायचे तर आपल्या नेहमीच्या इतिहासाची मापे उपयोगी नाहीत. पाणी फोडून, प्राणवायू बाहेर टाकून, सूर्यप्रकाशावर जगण्याची युक्ती पृथ्वीवर याच कुळाने प्रथम साधली. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू साचू लागला तो यांच्यामुळे. पुढे यांच्यातलाच एक जीव दुसऱ्या पेशीच्या पोटात जाऊन राहिला आणि त्याचे हरितलवक झाले. म्हणजे आपल्या अंगणातल्या तुळशीच्या पानातला हिरवेपणा हा या कुळाचाच वारसा. याचा पुरावा पाहायला फार लांब जायला नको. गोकाकचा धबधबा ज्या खडकावरून कोसळतो तो भूशास्त्रज्ञांच्या भाषेत कलादगी समूहाचा. त्याच समूहातल्या लोकापूर-बागलकोटकडच्या चुनखडीत आणि डोलोमाइटमध्ये, कांदा चिरल्यावर दिसतात तशा एकावर एक चढलेल्या पापुद्र्यांच्या घुमटाकृती रचना आढळतात. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. सूक्ष्मजीवांच्या चिकट थरांवर गाळ बसत गेला आणि त्यांचा दगड झाला. वय शंभर कोटी वर्षांहून अधिक. तेव्हा पृथ्वीवर गाय, म्हैस, माणूस तर सोडाच, साधा गोगलगाईएवढा प्राणीही नव्हता.

माझा प्रश्न इथे सुरू होतो. म्हैस नव्हती, तर म्हशीला मारणारे विष कशासाठी?

वर्गात मी पुष्कळ वर्षे सोपे उत्तर देत आलो : विष म्हणजे संरक्षण; बोरीला काटे, धोत्र्याला विष, तसेच हे. उत्तर ऐकायला बरे वाटते आणि परीक्षेत गुणही मिळतात. पण विसाव्या शतकाच्या अखेरीस या विषाची जनुके वाचता येऊ लागली आणि ते डळमळले.

आधी विषाची ओळख. तळ्यांवर सर्वांत जास्त दिसणारा विषारी सायनोबॅक्टेरिया म्हणजे मायक्रोसिस्टिस. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९४० साली गणपती या अभ्यासकांनी एका देवळाच्या तळ्याचे वर्णन दिले आहे. त्या तळ्यावर मायक्रोसिस्टिसचा बहर कायमचाच मुक्कामाला होता. म्हणजे ही काही परदेशातलीच गोष्ट नव्हे. याच्या विषाला कॅनडातील संशोधकांनी १९५०च्या दशकात ‘झटपट मृत्यूचा घटक’ अशा अर्थाचे नाव दिले होते; पुढे त्याचे नाव मायक्रोसिस्टिन पडले. सात अमिनो आम्लांचे ते एक कडे असते. पोटातून ते यकृतात जाते, तिथल्या पेशींतली काही महत्त्वाची विकरे बंद पाडते, पेशींचा सांगाडा मोडतो आणि यकृतात रक्त साकळते. पाणी उकळल्याने हे विष जात नाही. वाचकांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

नवल असे की हे कडे बनवण्याची पद्धत नेहमीच्या प्रथिनांची नाही. पेशीतला प्रथिने घडवणारा सामाईक कारखाना बाजूला ठेवून, फक्त या एका कामासाठी महाकाय विकरांची वेगळी रांग उभी असते. एकाने एक मणी ओवावा, दुसऱ्याने दुसरा, शेवटच्याने गाठ मारावी, अशी. या रांगेचा आराखडा, दहा जनुकांचा आणि सुमारे पंचावन्न हजार अक्षरांचा, २००० साली बर्लिन आणि सिडनीच्या संशोधकांनी पूर्ण वाचला. त्याआधी १९९७ साली एल्के डिटमान आणि सहकाऱ्यांनी त्यांतले एक जनुक मोडून बिनविषाचे मायक्रोसिस्टिस तयार केले होते. ते प्रयोगशाळेत खुशाल वाढत राहिले. इतका खर्चिक कारखाना, आणि तो बंद केला तरी जीव जगतोच!

मग तो आला कुठून? सगळ्या मायक्रोसिस्टिसमध्ये विष नसते. एकाच तळ्यात शेजारी शेजारी विषारी आणि बिनविषारी सापडतात. उलट मायक्रोसिस्टिसशी लांबचे नाते असलेल्या ॲनाबिना, प्लँक्टोथ्रिक्स यांच्या काही जातींत तेच विष सापडते. साहजिक तर्क असा होता की ही जनुके अलीकडे कुठेतरी निपजली आणि उसनवारीने इकडून तिकडे गेली. जीवाणूंमध्ये अशी देवाणघेवाण चालतेच. फिनलंडमधील कारिना सिव्होनेन यांच्या गटातील ॲने रांताला आणि सहकाऱ्यांनी २००४ साली हा तर्क तपासला.

त्यांची रीत समजायला आपल्याच घरचा दाखला घेतो. एका कुळाच्या शाखा इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, बेळगाव अशा पांगल्या. काही घरांत नवरात्रातला एक विशिष्ट कुळाचार आहे, काहींत नाही. तो मुळात आजोबा-पणजोबांपासूनचा, की अलीकडे एकाने दुसऱ्याचे पाहून घेतला? ओळखायचे कसे? जिथे तो आहे तिथले बारीक फरक टिपायचे आणि वंशावळीशी ताडून पाहायचे. फरकांची उतरंड वंशावळीच्या उतरंडीशी जुळली, तर आचार मूळ पुरुषाकडून आला आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनी तो सोडला. जुळली नाही, तर उसनवारी. रांताला यांनी विषाच्या जनुकांची उतरंड काढली, त्याच जीवांच्या विषाशी संबंध नसलेल्या नेहमीच्या जनुकांचीही काढली, आणि दोन्ही जुळल्या. विष मूळ पुरुषाचे निघाले. बिनविषारी घराणी ही बिनविषारी जन्मलेली नव्हेत. त्यांनी वारसा टाकून दिलेला. आणि तो मूळ पुरुष इतका जुना ठरला की प्राणी त्याच्या फार नंतरचे. पुढच्या संशोधनात या जनुकांची मोडतोड, जुळवाजुळव आणि काही ठिकाणी उसनवारीही दिसली आहे. कुळाचारातही शेजाऱ्याचे काही मिसळतेच. पण हे विष प्राण्यांना मारण्यासाठी उत्पन्न झाले नाही, हे म्हणणे टिकून आहे.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील मॉफिट आणि नीलन यांनी नोड्युलॅरियाच्या विषाची जनुके वाचली. ते विष पाच मण्यांचे. सात मण्यांच्या कारखान्यातला एक तुकडा गळून गेला आणि जे उरले त्याने पाच मणी ओवायला सुरुवात केली, असे दिसले. फ्रान्सिस यांच्या मेंढ्या ज्याने मेल्या ते मायक्रोसिस्टिनचे धाकटे भावंड होते तर.

मग विषाचे मूळ काम कोणते? यावर अजून एकमत नाही. एक धागा मात्र मला पटतो. बर्लिनकरांच्या बिनविषाच्या मायक्रोसिस्टिसला प्रखर उजेडात ठेवले तेव्हा त्याचे हाल झाले. २०११ साली असे दिसले की अशा ताणात मायक्रोसिस्टिन पेशीतल्याच प्रथिनांना जाऊन चिकटते आणि त्यांना मोडण्यापासून सांभाळते. प्राणवायू तयार करणाऱ्या पहिल्या कुळाला त्या प्राणवायूचाच दाह सोसावा लागला असणार. त्यावरचे हे घरगुती औषध असावे. आपल्या यकृतातल्या विकरांना ते नेमके बसते हा आपला दैवदुर्विलास.

आता बहराची गोष्ट, आणि ती विषाहून वेगळी आहे. विष असणे निराळे आणि तळेच्या तळे व्यापून काठाला इंचभर साय धरणे निराळे. दुसऱ्या कामासाठी या जीवाकडे आणखी जुनी शस्त्रे आहेत. त्यांतले सर्वांत देखणे म्हणजे हवेच्या पोकळ्या. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ क्लेबान यांनी १८९५ साली एक बाटली अशा हिरव्या पाण्याने काठोकाठ भरली, बूच घट्ट लावले आणि बुचावर हातोडी मारली. क्षणात पाण्याचा रंग पालटला आणि तरंगणारा तवंग बुडू लागला. दाबाने पेशींतल्या सूक्ष्म पोकळ्या चिरडल्या गेल्या होत्या. हा प्रयोग मी दरवर्षी वर्गात करीत असे. दोन बाटल्या फुटल्या, पण विद्यार्थ्यांना आमच्या विषयातले तेवढेच आठवते. निव्वळ प्रथिनाच्या भिंतीची ही नळकांडी जीवाला वर आणतात. दिवसभर उजेडात साखर साठली की अंग जड होऊन तो खाली जातो, रात्री ती साखर खर्च झाली की पहाटे पुन्हा वर. म्हणूनच तवंग सकाळी अचानक आलेला दिसतो, आणि गावाला वाटते की रात्रीतून कुणीतरी काहीतरी टाकले.

काही जातींना हवेतला नत्र पकडता येतो. ते काम करणाऱ्या विकराला प्राणवायू सोसत नाही, म्हणून धाग्यातल्या ठरावीक पेशी जाड भिंती उभारून, स्वतः प्राणवायू करणे सोडून, नुसते नत्राचे काम पत्करतात. प्राणवायू वाढल्यानंतरची ही सोय. भातशेतीला याचाच फायदा होतो हे पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवले होते. गोव्याच्या किनाऱ्यापलीकडे उन्हाळ्यात समुद्रावर भुशासारखे पट्टे दिसतात, तेही याच कुळातल्या ट्रायकोडेस्मियमचे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील देवासी आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तांबड्या समुद्राचे नावही याच्यावरून पडले असे मानतात.

या शस्त्रांपैकी एकही माणसाच्या काळातले नाही आणि बहरही नाही. २५ कोटी वर्षांपूर्वी पर्मियन युगाच्या शेवटी जीवसृष्टीचा प्रचंड संहार झाला. त्यानंतरच्या सिडनी खोऱ्यातल्या खडकांचा अभ्यास ख्रिस मेज आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली मांडला. जंगले मेली, उघडी माती वाहून तळ्यांत आली, हवा तापलेली, आणि गोड्या पाण्यांत सूक्ष्म शैवाल-जीवाणूंचे बहर पुन्हा पुन्हा माजले. उष्णता, हवेतला कर्बवायू आणि पाण्यात उतरणारी पोषणद्रव्ये, एवढे तीन जमले की यांचे फावते.

तिसऱ्याचा पुरावा कॅनडात मिळाला. ऑन्टारियोतल्या क्रमांक २२६च्या सरोवराला १९७३ साली डेव्हिड शिंडलर यांनी मध्ये पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कर्ब आणि नत्र घातले. दुसऱ्यात तेच, शिवाय स्फुरद. स्फुरदाचा भाग हिरवागार झाला, दुसरा जसाच्या तसा. विमानातून घेतलेले ते छायाचित्र जगभर गाजले आणि कपडे धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर अनेक देशांत बंधने आली. नत्राचाही वाटा आहे असे आता बरेच जण म्हणतात. आमच्या तळ्याच्या डोक्यावर १९६०च्या दशकात काय होते? शेणखताचे उकिरडे, कपडे धुण्याचे दगड, आणि नव्यानेच गावात आलेली सुपर फॉस्फेटची पोती.

माणसांनाही याचा फटका बसला आहे. ब्राझीलमधील कारुआरू शहरात १९९६ साली मूत्रपिंडाच्या रुग्णांचे रक्त ज्या पाण्याने शुद्ध केले जाई, त्यात मायक्रोसिस्टिन होते. १३१ पैकी १०० रुग्णांचे यकृत निकामी झाले आणि ५२ मृत्यू त्या विषाच्या खात्यावर धरले गेले. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील टोलेडो शहराच्या चार-पाच लाख लोकांना दोन-तीन दिवस नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. पण मला सर्वांत बोधप्रद वाटते ती ऑस्ट्रेलियातील पाम बेटाची हकीकत. तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीत नोव्हेंबर १९७९ मध्ये १४८ जण, बहुतेक मुले, यकृत आणि आतड्याच्या दुखण्याने आजारी पडली. प्रथम कच्च्या आंब्यांवर संशय घेतला गेला! खरी गोष्ट अशी की धरणाच्या पाण्यावर शेवाळ आले म्हणून त्यात मोरचूद टाकले होते. मोरचुदाने शेवाळ मेले आणि त्याच्या पेशींत कोंडलेले विष एकदम पाण्यात मोकळे झाले.

१९९२ साली मी काकांना हे सारे सांगितले. ते ऐंशीच्या पुढे होते. फ्रान्सिस यांच्या पत्राची प्रत घेऊन गेलो होतो, पण त्यांनी कागदाकडे पाहिले नाही. बराच वेळ गप्प बसून विचारले, “वारा कुठला होता म्हणायचा?”

“त्या दिवसांत पश्चिमेचाच असतो, काका.”

“म्हसरं पूर्वेच्या काठाला प्यायली होती की रे.” मग पुन्हा थोडे थांबून, “अण्णाला सांगितलंस?”

अण्णा १९७४ सालीच वारले होते. काकांनाही ते माहीत होते. त्यांच्या मातीला आमच्या घरातून कुणी गेले नव्हते. आज त्या म्हशींचे यकृत तपासता येणार नाही, तेव्हा मी हे सिद्ध झाले असे म्हणत नाही. पण काकांनी दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून अण्णांच्या थोरल्या सुनेकडे न्यायला लावले आणि ओट्यावर बसून, मोडक्या कानडीत, जे बोलायचे ते बोलले. त्या माउलीने ऐकून घेतले आणि आत जाऊन चहा टाकला.

गेल्या उन्हाळ्यात तळ्यावर पुन्हा तवंग आला. पंचायतीने मोरचुदाची पोती आणून ठेवली होती. मी जाऊन पाम बेटाची गोष्ट सांगितली. पोती परत गेली. गटाराचे तोंड तळ्यातून फिरवायचे काम मात्र अजून अंदाजपत्रकातच आहे. तोवर पूर्वेच्या काठाला, जनावरांना इथे पाणी पाजू नये, अशी पाटी लावली आहे. वर कानडीत, खाली मराठीत. कानडी मजकूर अण्णांच्या नातवाने लिहून दिला, मराठी मी.